यजमान दाखल्यात ‘होणारी सून’ लिहिल्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव व वडिलांचे नाव: वर छापील चौकटीत लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही. उर्फ: भडक्या. वय: तेवीस वर्षे. शिक्षण: कॉलेजचे दुसरे वर्ष, तेही अर्धे. धंदा: चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. राहणार: लाँड्रीच्या वर, दुसरा मजला, आईच्या नावावरचे घर. ठिकाण: विमानतळ पोलीस चौकी, आतली खोली.

मी वरीलप्रमाणे असून आज स्वतःच्या पायांनी या चौकीत आलो आहे व साहेबांनी विचारल्यावरून समक्ष लिहून देतो की,

आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आलेली एक परदेशी पाहुणी सकाळपासून शेजारच्या तपासणी खोलीत बसवून ठेवली आहे. तिने पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर सांगितलेले आणि आमच्या घरून आलेल्या यजमान दाखल्यात लिहिलेले जुळत नाही. याचा उलगडा झाला नाही तर संध्याकाळच्या विमानाने तिला परत पाठवतील आणि पुढची पाच वर्षे तिला इथे पाय ठेवता येणार नाही. दाखल्यात जे लिहिले ते मी लिहिले. म्हणून उलगडाही मीच करायचा आहे.

हा जबाब खरे म्हणजे हवालदार लिहून घेणार होते. पहिले पान त्यांनी लिहिलेही, ते मी आता पुन्हा लिहिले आहे. पण मी भराभर बोलतो आणि मध्येच मागे जाऊन दुरुस्त्या सांगतो, त्यामुळे त्यांनी पेन ठेवले आणि म्हणाले, “तुझ्या तोंडाला ब्रेक नाही आणि माझ्या बोटांना इंजिन नाही. तूच लिही.” साहेबांनी ते चालवून घेतले, कारण दाखला माझ्याच अक्षरात आहे आणि अक्षर ताडून बघायला हा कागद उपयोगी पडेल. ‘उर्फ’चा रकाना आईमुळे भरला गेला. तिने बाकावरून आपणहून सांगितले की घरी आणि गल्लीत मला भडक्या म्हणतात. मी ते लपवले नसते, पण सांगितलेही नसते.

घरात आई आणि मी, दोघेच. आई कपड्यांची दुरुस्ती करते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, कॉलर उलटवणे अशी कामे. खालच्या लाँड्रीत धुवायला आलेल्यातले जे उसवलेले निघते ते जिना चढून वर येते. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मशीन आणि माझी खाट, आतल्या खोलीत आई.

सदर पाहुणी एका वर्षासाठी आमच्या कॉलेजात आपली भाषा शिकायला आली होती. एका तासाला ती आमच्या वर्गात बसे. तिच्या कोटाचे अस्तर फाटले होते म्हणून मी तिला आईचा पत्ता दिला. अस्तर एका दिवसात झाले. त्यानंतर ती अस्तराशिवायही येऊ लागली. आईकडून काज करायला शिकली. मी घरी यायचो तेव्हा दोघी मशीनजवळ हसत असायच्या आणि मी दारात दिसलो की गप्प व्हायच्या. कशाला हसत होत्या ते मला अजून माहीत नाही. आईला विचारले तर म्हणते, “तुला काय करायचंय, काज आलं का तुला?” तिचे डोळे घारे आहेत म्हणून आई तिला घारी म्हणते. ती आईला काकू म्हणते. मला ती नावाने हाक मारते. त्या नावाने हाक मारणारी ती एकटीच आहे.

कॉलेज का सोडले असे साहेबांनी विचारले. एका सरांनी तिचा निबंध वर्गात मोठ्याने वाचला आणि तिच्या प्रत्येक चुकीशी थांबून थांबून वर्गाला हसवले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सर, तुम्ही तिच्या भाषेत चार ओळी लिहून दाखवा, मग आम्ही त्यालाही हसतो.” सर म्हणाले, बाहेर हो. मी झालो. जाताना दार जोरात लागले. माफी मागितली तर आत घेऊ असे प्राचार्यांनी सांगितले. मी मागितली नाही, आजही मागणार नाही. ती जिन्यात मला भेटली. मला वाटले होते ती काहीतरी चांगले बोलेल. ती म्हणाली, “मी सांगितलं होतं का तुला भांडायला?” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “मला सरांशी स्वतः बोलायचं होतं. आता माझं बोलणं तुझ्या दारामागे राहिलं.”

साहेबांनी हे वाक्य मला परत सांगायला लावले. मग म्हणाले, “पोरगी हुशार आहे. पुढे लिही.”

वर्ष संपल्यावर ती आपल्या देशी गेली. तिथे ती लहान मुलांना पोहायला शिकवते. तिला सोडायला मी आणि आई याच विमानतळावर आलो होतो. मी काही बोललो नाही. जे बोलायचे होते ते आईसमोर बोलण्यासारखे नव्हते आणि आई शेवटपर्यंत बाजूला झाली नाही. नंतर तिचे मेसेज येत राहिले. आईला जास्त, मला कमी. आईला काजांचे फोटो येत. मला ‘डोकं थंड आहे का’ असे येई. मी ‘आहे’ असे कळवत असे.

यंदा तिने आईला विचारले की पंधरा दिवस सुटी आहे, हॉटेल परवडत नाही, तुमच्याकडे उतरू का. आईने ‘ये’ एवढेच लिहिले आणि त्याच संध्याकाळी उशांचे अभ्रे बदलायला काढले.

हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकाला काही लागत नाही, हॉटेलवाले बघून घेतात. कोणाच्या घरी उतरणाऱ्यासाठी मात्र घरमालकाने वॉर्ड ऑफिसातून यजमान दाखला काढावा लागतो. ऑफिस तो दाखला थेट विमानतळावरच्या खिडकीला पाठवते. पाहुण्याच्या हातात फक्त त्याचा क्रमांक असतो, मजकूर त्याला दिसत नाही. हे इथे मुद्दाम लिहीत आहे, कारण सगळे त्यावर अडले आहे.

दाखल्याआधी घर बघायला एक कर्मचारी येऊन गेला. त्याने खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि पाहुणी कुठे झोपणार असे विचारले. आई म्हणाली, “आतल्या खोलीत, माझ्याजवळ.” त्याने माझ्याकडे पेन दाखवून विचारले, “आणि हे?” आई म्हणाली, “हा दुकानात.” मला ते तिथेच कळले. दुकानमालकाला आईने आधीच विचारून ठेवले होते.

अर्ज भरायला मी एकटा वॉर्ड ऑफिसात गेलो. त्यात ‘यजमानाचे पाहुण्याशी नाते’ असा रकाना आहे. घर आईचे, म्हणून यजमान आई. मी ‘मैत्रीण’ लिहिले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. म्हणाल्या, “मैत्रीण हे नातं नाही. मैत्री असेल तर हॉटेल. घरात उतरायचं तर नातं लागतं.” मी विचारले, “नातं नसेल तर?” त्या म्हणाल्या, “बाहेर जिन्याखाली विचारा.”

जिन्याखाली एक अर्ज लिहून देणारे बसतात. घडीचे टेबल, त्यावर शाई आणि गोंदाची बाटली. त्यांनी अर्ज पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, “मानलेली मुलगी टाकू. सगळे तेच टाकतात. इथे बसून मी निम्म्या शहराला नातेवाईक करून दिलंय, एकाचंही अडलं नाही.”

मी विचारले, “आईची मानलेली मुलगी म्हणजे माझी कोण झाली?”

“बहीण.”

“मग नको.”

“अहो, कागदावर.”

“कागदावरही नको.”

“बरं, पुतणी टाकू.”

“म्हणजे चुलतबहीण.”

“भाची?”

“मावसबहीण, नाहीतर मामेबहीण.”

“मामेबहीण तर काही घरांत चालते.”

“आईला भाऊ नाही.”

“ते सरकारला कुठे माहीत आहे?”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो.

त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाले, “अहो दादा, तुमच्या आईच्या घरात शिरायला पोरीला बहिणीशिवाय एकच दार उरलंय मग.” मी म्हणालो, “तेच लिहा.” ते म्हणाले, “हे मी लिहिणार नाही. माझ्या टेबलावर खोटे भाऊ-बहीण होतात, लग्नं होत नाहीत. ज्याचं त्याने लिहावं.” मी त्यांचे पेन घेतले आणि रकान्यात ‘होणारी सून’ असे लिहिले. लिहिताना अक्षर चांगले यावे म्हणून हात टेकवून लिहिले. त्या वेळी मला बरे वाटले, हे खरे आहे.

संध्याकाळी आईने चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. नात्याच्या रकान्याशी थांबली.

“हे तिला सांगितलंयस?”

“अजून नाही.”

“आणि मला?”

“आता वाचलंस ना.”

आई उठली, मशीनवर अर्धवट राहिलेली पँट पुरी केली, दोरा तोडला आणि मग परत येऊन सही केली. सही करताना म्हणाली, “ही सही तिला घर मिळावं म्हणून आहे. तुला बायको मिळावी म्हणून नाही. ते तुझं तू बघ.” साहेबांनी हे आईला विचारून खात्री करून घेतली आहे.

दाखला झाल्यावर मी तिला क्रमांक कळवला. क्रमांकाखाली आणखी एक ओळ लिहिली होती. ती पाठवण्याआधी पुसली.

आज सकाळी मी आणि आई बाहेर येण्याच्या दाराशी उभे होतो. तिच्या विमानातली माणसे निघाली, त्यांचे नातेवाईक त्यांना घेऊन गेले, मग विमानातले कर्मचारी बॅगा ओढत गेले, तरी ती आली नाही. मी रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, थांबा. मी थांबलो. पुन्हा विचारले. तो म्हणाला, थांबा म्हटलं ना. त्यानंतर मी काचेच्या दारावर हात मारला. हात उघडा होता, मूठ नव्हती. काचेतले मला कळते, एवढ्याने ती जात नाही आणि ती गेलीही नाही. मी रखवालदाराच्या टोपीला हात घातला असे म्हटले जात आहे ते चुकीचे आहे. टोपी त्याची त्याने काढली, शिटी शोधायला.

मला आत आणले गेले, पण चालत मी माझ्या पायांनीच आलो. आई मागून आली, तिला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही. तपासणी बाईंनी समोर दोन कागद ठेवले. म्हणाल्या, “मुलगी सांगते, मी फिरायला आले, मैत्रिणीकडे उतरणार. मैत्रीण कोण, तर ओळखीच्या मुलाची आई. नातं काय, तर काही नाही, मैत्रीण. तीन वेळा विचारलं, तीनदा तेच. आणि घरून आलेला कागद म्हणतो, सून. लग्नाला येणाऱ्याचा परवाना वेगळा असतो. म्हणजे एक तर ती खोटं बोलतेय, नाहीतर कागद.”

मी विचारले, “कागदात काय आहे ते तिला सांगितलंत?”

“नाही सांगत आम्ही. तिचं तिने सांगायचं, यजमानाचं यजमानाने. आम्ही जुळवायचं.”

त्यांच्यामागच्या दाराला अर्धी काच होती. त्यातून सदर पाहुणी दिसली. खुर्चीवर बसली होती, कोट मांडीवर होता. तिने मला पाहिले. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही.

त्यानंतर मला साहेबांसमोर बसवले. साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि विचारले, “लग्नाचं मुलगी काय म्हणते?”

मी म्हणालो, “विचारलेलं नाही.”

“कोणी?”

“मी.”

“म्हणजे मुलीला माहीत नाही आणि सरकारला माहीत आहे.”

“हो.”

हवालदार हसले. मी हवालदारांकडे पाहिले. साहेब म्हणाले, “त्याच्याकडे नको बघूस. तो त्याच्या लग्नातही हसला होता. माझ्याकडे बघ.”

साहेब माझ्याशी चांगले वागले, हे लिहिलेच पाहिजे. त्यांनी मला सोपी वाट दाखवली. म्हणाले की जिन्याखालच्या माणसाने चुकून दुसऱ्याच्या अर्जातले इथे उतरवले असे लिहून दे, अशा चुका रोज होतात, मिटून जाईल. मी नाही म्हणालो. त्या रकान्याला त्यांनी पेन लावलेले नाही, उलट लावायला नकार दिला. माझ्या जबाबावरून उद्या त्यांचे टेबल उचलले जाईल. ते मला चालणार नाही.

मग साहेब म्हणाले, “तर मग आईने न वाचता सही केली असं लिही. वय झालंय, चष्मा नव्हता.”

आई बाकावरून म्हणाली, “मी वाचून सही केलीय. मला आंधळी करा वाटलं तर, अडाणी करू नका.”

साहेब म्हणाले, “मावशी, तुमचाच मुलगा सुटावा म्हणून म्हणतोय.”

“तो नाही सुटला तरी चालेल,” आई म्हणाली. “पोरीला सोडा. सकाळपासून तिला काही खायला दिलंय का कोणी?” हवालदार बघायला गेले. दिले होते.

परत आल्यावर हवालदारांनी तिसरी वाट सांगितली. ती सगळ्यात सरळ होती, म्हणून नीट लिहितो. ते म्हणाले, “साहेब, एवढं कशाला? मी आत जाऊन पोरीला सांगतो, कागदात असं असं आहे, तू हो म्हण. हो म्हणाली की दोन्ही कागद जुळले. परवाना बदलायचा अर्ज इथेच होतो. पोरगी घरी, हाही खूश.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “नियमात बसतं. तू सांग.”

तिने हो म्हटले असते असे मला वाटते. सकाळपासून अडकलेले कोणीही म्हटले असते.

मी साहेबांना सांगितले की तिला काहीही सांगायला कोणी आत जायचे नाही. दारात अडवून घेतलेले हो मला नको. ते हो दाराला असेल, मला नसेल. आणि मग ती आमच्या घरात पंधरा दिवस ते हो सांभाळत बसेल, आईसमोर आणि माझ्यासमोर, आणि परत जायच्या दिवशीच तिला मोकळे वाटेल. त्यापेक्षा तिने आज संध्याकाळच्या विमानाने गेलेले मी बघेन. हे बोलताना माझा आवाज चढला होता. टेबलावर हात मारलेला नाही.

साहेब म्हणाले, “मग खरं तेच लिही. पण आधी ऐकून घे, खरं लिहिलंस तर कागद खोटा ठरतो. दाखला रद्द. चुकीची माहिती दिल्याबद्दल कारवाई, तुझ्यावर.”

“माझ्यावरच. आईवर नाही.”

“तुझ्यावर. आणि मुलीला समक्ष हमीवर सोडता येईल. घरमालकाने इथे हजर राहून हमी द्यायची. त्यात नात्याचा रकाना नसतो. पण एक अट असते. ज्याने चुकीचं लिहिलं त्याने पाहुणा असेपर्यंत त्या घरात पाऊल टाकायचं नाही. रोज संध्याकाळी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात हजेरी.”

“किती दिवस?”

“ती आहे तेवढे दिवस.”

म्हणजे ती ज्या पंधरा दिवसांसाठी येत आहे तेच. गेले दोन महिने मी त्या पंधरा दिवसांचे काय काय ठरवले होते ते जबाबात लागत नाही. मी कबूल म्हणालो. साहेबांनी पुन्हा विचारले, कबूल? मी पुन्हा कबूल म्हणालो आणि जास्त वेळा विचारू नका असेही म्हणालो, त्याबद्दल साहेबांनी राग मानला नाही.

आईने विचारले, “आणि हा जेवायचा कुठे?”

हवालदार म्हणाले, “मावशी, डबा पाठवा. बंदी ह्याला आहे, डब्याला नाही.”

तरी मी स्पष्ट लिहून देतो की ‘होणारी सून’ हे शब्द मी माझ्या मनाने लिहिले. सदर पाहुणीला ते माहीत नव्हते, तिने तसे कधी सुचवले नाही, मला किंवा आईला कसलाही शब्द दिलेला नाही. तिने खिडकीवर तीन वेळा जे सांगितले ते तिन्ही वेळा खरे आहे. आईने तिला राहायला जागा द्यावी एवढ्यासाठी सही केली. अर्ज लिहून देणाऱ्यांचा यात हात नाही. माझ्या मनात जे आहे ते मी मागे घेत नाही. ते रकान्यात लिहायला नको होते, कारण तो रकाना माझ्या एकट्याचा नव्हता. तिला आत सोडावे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

पुरवणी

वरील मजकूर पुरा झाल्यावर साहेबांनी सांगितले की जिथे दोघांचे सांगणे जुळत नाही तिथे एकाचा जबाब दुसऱ्याला वाचून दाखवावा लागतो. मी म्हणालो, मी बाहेर उभा राहतो. साहेब म्हणाले, “बाहेर नाही. वाचणं दोघांसमोर. बस.” मी बसलो. पुढचे साहेबांच्या सांगण्यावरून लिहीत आहे.

सदर पाहुणीला आत आणून आईशेजारी बाकावर बसवले. आईने तिचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. हवालदारांनी वाचायला सुरुवात केली. हरवलेल्या सामानाची यादी वाचावी तसे त्यांनी वाचले, कुठेही आवाज वरखाली केला नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी टेबलाकडे पाहत होतो. चुलतबहिणीच्या जागी ती हसली असे मला वाटले. हवालदार म्हणतात, खोकला होता. ‘होणारी सून’ हे आले तेव्हा तिने तेवढे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. हवालदारांनी पुन्हा वाचले. पुसलेल्या ओळीच्या जागी तिने विचारले, “त्या ओळीत काय होतं?” साहेब म्हणाले, “ते जबाबात नाही, त्यामुळे आम्हाला माहीत नाही.” ती म्हणाली, “बरं.”

वाचून झाल्यावर साहेबांनी तिला विचारले की यात काही चुकीचे आहे का. ती म्हणाली, “एक आहे. माझं बोलणं दारामागे राहिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले आणि स्वतः बोलले. सरांनी निबंध परत तपासला. हे मी याला सांगितलं नव्हतं. काकूंना सांगितलं होतं.” मी आईकडे पाहिले. आई भिंतीकडे पाहत होती. ही दुरुस्ती बरोबर असून ती इथे नोंदवली आहे. मला हे आज कळले.

साहेबांनी विचारले, “आणि त्या नात्याबद्दल?”

ती म्हणाली, “मला विचारलेलं नाही. मग मी काय दुरुस्त करू?”

हवालदारांनी मला कोपराने ढोसले. मी उभा राहिलो आणि साहेबांना सांगितले की मी इथे विचारणार नाही. चौकीत विचारले की उत्तर चौकीचे होते. आधी तिच्या कागदावर शिक्का मारा. साहेबांनी तपासणी बाईंना बोलावले. आईने हमीच्या कागदावर सही केली, तोही आधी पुरता वाचून. बाईंनी सदर पाहुणीच्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि तो तिच्या हातात दिला. यानंतर तिला इथे थांबायची गरज नव्हती. साहेबांनी तसे सांगितलेही.

ती थांबली. साहेबांना म्हणाली, “मी ऐकलं, असं मला लिहायचं असेल तर?” साहेब म्हणाले, नियमाने नुसती सही पुरते, पण लिहायला हरकत नाही. तिने माझ्या हातातले पेन घेतले आणि कागद आपल्याकडे वळवून खाली एक ओळ लिहिली. ती ओळ अशी आहे:

मी हे सगळे ऐकले. तो घरी येऊ शकत नाही, मी दुकानात जाऊ शकते. काय विचारायचे ते त्याने तिथे विचारावे, मी उत्तर स्वतः देईन.

साहेबांनी ती ओळ वाचली, अटीचा कागद काढून पाहिला आणि म्हणाले, “यात घर लिहिलंय. दुकान लिहिलेलं नाही.” मग त्यांनी अटीचा कागद फायलीत लावला.

हा जबाब व पुरवणी हवालदारांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवली. मी ऐकली, सदर पाहुणीने ऐकली, आईने न सांगता ऐकली. त्यातले सर्व माझ्या अक्षरात असून बरोबर व खरे आहे. फक्त वरची, तिने लिहिलेली एक ओळ माझी नाही. तिच्यात मी काही घातलेले नाही व काही खोडलेले नाही.

सही